ओळखेपर्यंत उठायचं नाही

जवस भाजून व्हायला हवा होता तो लक्ष्मणराव देवळीच्या बाजारातून परतायच्या आत. एरवी गोपिकाचं कोणतंच काम घाईचं नसे; पण भासऱ्यांचे, म्हणजे थोरल्या दिरांचे, नाक-कान तिला पुरते ठाऊक होते. कढईत एक दाणा तडकला तरी हा माणूस अंगणातून बायकोला विचारायचा, "तीळ का व?" म्हणून पहाटेची आंघोळ, तुळशीला पाणी आणि दिवा एवढं उरकून तिने चूल पेटवली. पौर्णिमेचा उपास होता, पाण्याचा घोटही अजून घेतला नव्हता.

जवस तिने तळेगावच्या भावाकडून मागवला होता. इकडच्या शेतांतून तो कधीचाच गेला. जिकडे पाहावं तिकडे सोयाबीन आणि कपाशी, आणि घरच्या मळ्यात वांगी, पालक, कोबी. दाणे तडतडू लागले तसा तिने पदर तोंडाशी धरला. हसू आवरत नव्हतं. या वयात ती भासऱ्यांना फसवायला निघाली होती.

'फसवणं नको म्हणू देवा,' तिने मनात म्हटलं. 'बसवून ठेवणं म्हण.'

"काय व गोपिका, उपाशीपोटी काय भाजून राह्यली?" जाऊबाई जया केस बांधत स्वयंपाकघरात आली, नाक वर केलं आणि थबकली. "जवस?"

"खिरापत हाये. नाव घेऊ नका, बाई."

"भुलाबाईच्या डब्यात जवस? फुटाने टाक, खोबरं टाक, पोट्ट्यायले आवडन असं टाक."

"भाऊजी फुटाने एका हालवन्यात ओळखतात."

जयाने तिच्याकडे नीट पाहिलं. मग चुलीपाशीच पाटावर बसली. "तू काईतरी करून राह्यली," ती हळू आवाजात म्हणाली. "सांग मले."

"तुमाले सांगितलं तर सांजेपर्यंत पवनारच्या लोकायले माहीत होईन."

"मी? मी कोनाले सांगतो व?" जया रागावली, आणि मग स्वतःच हसली. कारण ते खरं होतं.

आज कोजागिरी. महिनाभर मांडलेली मातीची भुलाबाई आज उठायची, तिची गाणी झाली की डबा हलवून आवाजावरून आतली खिरापत ओळखायची, आणि घरातल्या थोरल्या लेकराला आज ओवाळायचं. थोरलं लेकरू म्हणजे लक्ष्मणराव आणि जयाची चंचल. कितीतरी कोजागिऱ्या ती आली नव्हती. कधी बंगळूरला कार्यक्रम असे, कधी परदेशात. तेव्हा जया तिच्या शाळेतल्या फोटोलाच ओवाळायची. यंदा ती स्वतःहून येत होती. उन्हाळ्यात तिचा गळा बसला, स्वरतंतूवर गाठ निघाली, शस्त्रक्रिया झाली. कितीतरी दिवस बोलणंसुद्धा बंद होतं. आता डॉक्टरांनी थोडंथोडं गायला सांगितलं होतं. फोनवर ती घोगऱ्या आवाजात म्हणाली होती, "काकू, गळा उघडला की पयलं गानं घरी. बाबासमोर. अन् तूबी गाशील माह्यासंगं."

गोपिकाने फोन कानाशी तसाच धरून ठेवला होता. हो म्हणता येत नव्हतं, आणि नाही तरी कोणत्या तोंडाने म्हणणार?

त्याची गोष्ट अशी. चंचल गाणं शिकली ती गोपिकाच्या मांडीवर. गोपिका तेव्हा गावच्या महिला भजनी मंडळात पुढे बसून गायची. लक्ष्मणराव पुरुषांच्या मंडळात खंजेरी वाजवायचे, आणि दीर-भावजयीच्या या घराला लोक गाण्याचं घर म्हणायचे. मग चंचल वर्ध्याच्या कॉलेजात गेली, तिथे तिला गिटार मिळाली, तीन पोरं मिळाली, आणि त्यांनी बँड काढला. नाव ठेवलं 'कडबा'. "बैलाच्या खान्याचं नाव?" एवढंच लक्ष्मणराव म्हणाले, पण गॅदरिंगला घरातल्या सगळ्यांना घेऊन, धुतलेलं धोतर नेसून, पुढच्या रांगेत जाऊन बसले. पोरीने भजनाच्या चालीवर सुरुवात केली. लक्ष्मणरावांचं बोट मांडीवर ठेका धरू लागलं. आणि मग ती चाल मोडली, फाटली, पोरीच्या गळ्यातून असा एक आवाज निघाला की मागची पोरं शिट्ट्या मारायला लागली. कोणीतरी ओरडलं, "देवी आली रे अंगात!" लक्ष्मणराव उठले. गाणं अर्ध्यात असताना मधल्या वाटेने चालत बाहेर गेले. बाजूला बसलेल्या गोपिकाने पाहिलं, की स्टेजवरून पोरगी बापाची पाठ पाहते आहे. डोळे तिथेच लागलेले, आणि तरी गाणं सोडलेलं नाही.

पुढच्या एकादशीला गोपिका पवनारला गेली. धाम नदीत उभी राहिली, ओंजळीत पाणी घेतलं आणि म्हणाली, 'माय, पोरीचा गळा सांभाळ. तिचा बाप तिचं एक गानं मांडी न मोडता, शेवटपर्यंत ऐकन, तोवर माह्यं गानं तुह्यापाशी राहू दे.' पाणी सोडलं, घरी आली, आणि तेव्हापासून तिने भजनाची एक ओळ गायली नव्हती. व्रत फिटेपर्यंत कुणाला सांगायचं नसतं. तिनेही सांगितलं नाही. नवऱ्यालाही नाही.

घरच्यांनी आपापल्या परीने अर्थ लावला. गोपिकाला त्या दिवशी लाज वाटली, पोरीवर ती रुसली, म्हणून तिने गाणंच टाकलं. चंचलनेही हेच धरलं. ती पुण्याला गेली, भाड्याच्या एका खोलीत पहिला अल्बम केला. त्यात बसचं इंजिन होतं, जात्याची घरघर होती, आणि त्यावर वऱ्हाडी बोल. लोक आधी हसले, मग थांबले, मग तिकीट काढून यायला लागले. दुसरा अल्बम झाला, तिसरा झाला. जर्मनीत गाऊन आली. पुरस्कार आला तेव्हा पुतण्याने, वैभवने, सगळ्या गल्लीत पेढे वाटले. गोपिकाने प्रत्येक वेळी देवापुढे साखर ठेवली. पण तिने मागितलं होतं ते यातलं काहीच नव्हतं. टीव्हीवर चंचल लागली की लक्ष्मणराव बैलाला पाणी दाखवायला उठत. बैल विकून टाकला, तरी उठत.

तिने जवस कढईतून काढला, गार केला, पितळी डब्यात भरला आणि झाकण घट्ट बसवलं. उरलेल्याचे गूळ घालून लाडू वळले आणि ते वरच्या फळीवर कापडाखाली झाकून ठेवले.

---

वर्ध्याहून वैभवची गाडी दुपारी आली. मागच्या सीटवर माणसांपेक्षा पेट्याच जास्त होत्या. चंचल उतरली. केस बारीक कापलेले, अंगात ढगळ सदरा, कानात जयाच्या जुन्या बुगड्या. ती आधी आईच्या गळ्यात पडली, मग वाकून गोपिकाच्या पाया पडली.

"काकू, वाळली व तू."

"तूच वाळली. चाल, आधी पानी घे." पोरीचा आवाज गोपिकाने नीट ऐकला. पूर्वीचा उंच, धारदार गळा गेला होता. उरलेला आवाज जाड होता, खाली बसलेला, संध्याकाळच्या विहिरीसारखा.

लक्ष्मणराव ओट्यावर बाजाराची रिकामी पोती झटकत होते. लेक पाया पडली तसा त्यांनी हात वर केला, डोक्यावर ठेवला आणि पटकन काढून घेतला. "गळा कसा हाये?"

"बरा हाये, बाबा."

"तिखट खाऊ नको." ते पोती घेऊन गोठ्याकडे गेले. बापलेकीचं एवढंच बोलणं झालं.

जेवताना मात्र घर बोलतं झालं. वैभवची बायको स्वीटी वाढत होती. गोपिकाचा नवरा नत्थू, घरातला सगळ्यांत निवांत माणूस, वांग्याच्या भाजीत भाकरी कुस्करत म्हणाला, "काय व चंचल, त्या पेट्यात काय हाये? जर्मनीवाल्यायनं आहेर केला का?"

"पायानं दाबाचं यंत्र हाये, काका. आपन एकदा वाजवलं की ते धरून ठेवते, अन् मंग तेच परत परत म्हनत राह्यते."

"म्हंजे तुह्या आईसारखं."

सगळे हसले. जयाने ताटातली हिरवी मिरची उचलून दिराच्या ताटात टाकली. "घ्या, तोंड भरा आधी."

लक्ष्मणराव हसले नाहीत, पण उठलेही नाहीत. गोपिकाने ते पाहून ठेवलं.

चंचलने पाणी प्यायलं. मग सरळ म्हणाली, "आज भुलाबाईपुढं मी गाईन. अन् काकू माह्यासंगं गाईन. एवढंच मागाले आली मी."

लक्ष्मणरावांनी भाकरीचा तुकडा मोडला आणि तसाच ठेवला.

"गा व गोपिका," जया म्हणाली.

"मी आता गात नाई, बाई. तुमाले ठाऊक हाये."

"काऊन नाई गात? तेच तर इचारून राह्यली पोरगी!" जयाचा आवाज चढला. सकाळी चुलीपाशी तिच्याशी हसणारी जाऊ ही नव्हतीच. "तिले गानं कोनं लावलं? मी लावलं का? मले तर आरतीबी सरळ येत नाई. तुवा लावलं. अन् ती गाऊ लागली तं तू तोंड फिरवलं. तिचा बाप गेला उठून, मानलं, तो मानूसच तसा हाये..."

"मी इथंच बसून हावो," लक्ष्मणराव म्हणाले.

"बसा न! कोन नाई म्हनते!" जयाने त्यांनाही सोडलं नाही. "पन गोपिका, तुवा काऊन?"

स्वीटी हळूच म्हणाली, "काकू, दोनच ओळी गा न. ताईचं ऑपरेशन झालं, तिले बरं वाटन." वैभवनेही मान हलवली. नेहमी गोपिकाची बाजू घेणारी ही दोघं. आज सगळं घर एका बाजूला झालं होतं, आणि ती एकटी दुसऱ्या बाजूला.

गोपिका भात वाढायला उठली. वाटलं, सांगून टाकावं. पण ओठांवर येता येता तिला दिसली ती धाम नदीतली ओंजळ, आणि त्याच क्षणी ऐकू आला लेकीचा बसका आवाज. आज मी गायले, उद्या हिचा उरलेला गळाही गेला तर? देव सूड घेत नाही, हे तिला ठाऊक होतं. पण शब्द दिला तो तिने दिला होता, आणि तो मोडून देवाला काही मागायला जायची तिची हिंमत नव्हती.

"नाई जमत, पोरी," ती म्हणाली.

चंचलने मान खाली घातली. "असू दे, आई. नको बोलू तिले." ताटाला नमस्कार करून ती उठली. नत्थू बायकोकडे बघत राहिला, तोंडातला घास विसरून. मग आपल्या ताटातला गुळाचा खडा उचलून त्याने गुपचूप तिच्या रिकाम्या वाटीत ठेवला. उपास होता तिचा, हे त्या गडबडीत त्याच्या एकट्याच्याच लक्षात होतं.

---

उन्हं कलली तशी चंचल अंगणात कडुलिंबाखाली वायरी पसरून बसली. गोपिका मागून आली. पदराखाली डबा होता.

"गानं नाई देऊ शकत मी तुले," ती म्हणाली. "पन हे घे. आज खिरापतीचा डबा तू वाजवजो. तुह्या त्या यंत्रातून."

चंचलने वर पाहिलं. डोळे रडून सुजलेले होते. तिने डबा घेतला आणि सवयीने कानाशी नेऊन हलवला. तिच्या तोंडावरचं रडू जागच्या जागी थांबलं. पुन्हा हलवला, आधी हळू, मग गोल फिरवून, मग नुसता आडवा केला.

"काय हाये व यात?"

"सांगत नसते."

"साबुदाना नाई. राजगिरा नाई. हे तं..." ती कान डब्यालाच लावून बसली. लहानपणी अशीच बसायची. भुलाबाईचा डबा वाजला की बाकीची पोरं ओरडून नावं घ्यायची, आणि ही डोळे मिटून ऐकायची. हिला खाऊ नको असायचा, नुसता आवाज हवा असायचा. जगात जाऊन हिने जे काही केलं, ते याच डब्यातून निघालं होतं, असं गोपिकाला नेहमी वाटे. पण ते कुणी कधी लिहिलं नव्हतं.

"सगळं गानं होईपर्यंत हे वाजत राह्यलं पायजे," गोपिका म्हणाली. "शेवटपर्यंत. जमन का?"

"यंत्र तेच तं करते, काकू. पन काऊन?"

गोपिका तिच्या केसांवरून हात फिरवून आत निघून गेली.

---

ज्वारीच्या पाच धाटांच्या मखरात भुलाबाई आणि भुलोजी बसले होते. पुढे समई, दुधाचं पातेलं, फुलं. गल्लीतल्या चार-पाच बायका, म्हातारी जयवंता, काही लहान पोरी. जयाने आधी लेकीला पाटावर बसवून ओवाळलं. निरांजनाची वात चंचलच्या डोळ्यांत दोनदोनदा दिसत होती. मग पोरींनी फेर धरून नेहमीची गाणी म्हटली. लक्ष्मणराव भिंतीला टेकून बसले होते. गाणी संपत आली तशी त्यांनी चप्पल कुठे आहे ते नजरेने शोधून ठेवलं.

गोपिकाने डबा उचलून चंचलच्या पुढ्यात ठेवला.

"डबा!" पोरी ओरडल्या.

"चाला, बसा सगळे," नत्थू म्हणाला. "दादा, तूबी. नियम तुहाच हाये."

नियम खरंच लक्ष्मणरावांचा होता. एके काळी या घरात मुलगी एकटी चंचल. डबा ओळखायला माणसं कमी पडत म्हणून पुरुषांनाही बसवलं जाई, आणि नत्थू मध्येच पानठेल्यावर सटकायचा. त्याच्यासाठी लक्ष्मणरावांनी ठरवून टाकलं होतं, डबा वाजायला लागला की ओळखेपर्यंत कोणी उठायचं नाही. जो उठला त्याला वर्षभर खिरापत नाही. स्वतः लक्ष्मणराव कधी चुकले नव्हते. शेंगदाणे, खारीक, लाह्या, बत्तासे, दोनदा हलवलं की त्यांचं झालं.

"वाजव," ते म्हणाले, आणि मांडी घातली. "लवकर वाजव. मले फाट्यावर जाचं हाये."

चंचलने डब्याशेजारी माइक ठेवला आणि डबा आडवा केला. स्पीकरमधून आवाज आला, सळसळ. तिने पायाने यंत्र दाबलं. सळसळ परत आली. त्यावर दुसरी, जरा लांबून. त्यावर तिसरी.

"राजगिरा," लक्ष्मणराव म्हणाले.

गोपिकाने मान हलवली.

"तीळ."

"नाई, भाऊजी."

ते पुढे सरकले. "थांबा. कोनी बोलू नका." पोरींनी नावांचा गलका केला, "खसखस! मोहरी!" तसा त्यांनी हात वर करून सगळ्यांना गप्प केलं. कपाळावर आठ्या, डोळे मिटलेले. तो आवाज त्यांच्या कुठेतरी ओळखीचा होता आणि हाती येत नव्हता.

आणि त्या सळसळीवर चंचल गायला लागली. गिटारची एकच तार, खालच्या पट्टीत, लोखंड घासल्यासारखी. आणि तो बसका, नवा आवाज.

*आमच्या घरी एक गानं होतं,*
*उतरंडीत ठेवलं, झाकन लावलं.*
*हालवून पाह्यलं, वाजत नाई,*
*सांगा न व कोनी, काय माह्यं चुकलं.*

गोपिकाच्या हातातलं फूल खाली पडलं. पोरीने आपल्यावर गाणं केलं होतं. इतकी वर्षं ती डबा हलवून बघत होती, आणि आपण झाकण धरून बसलो होतो. तिला वाटलं, उठावं, तिला जवळ घ्यावं. पण नजर भासऱ्यांवरून हलवता येईना. आता चढ येणार. आता ती चाल मोडणार, त्या दिवसासारखी. आता हे उठणार.

चाल मोडली. गळा फाटला. पण या वेळी किंकाळी निघाली नाही, कारण तेवढा गळाच उरला नव्हता. एक लांब, खरखरीत हाक निघाली. रानात संध्याकाळी घरच्या माणसाला मारतात तशी. म्हातारी जयवंता "बाई व!" म्हणाली. जयाने नवऱ्याकडे पाहिलं, मग घाबरून चपलांकडे. लक्ष्मणरावांचा एक गुडघा वर झाला होता. हात जमिनीवर टेकला होता. सळसळ चालूच होती, आता थरावर थर, अंगणभर, मखरातली ज्वारीची पानंसुद्धा हलल्यासारखी.

त्यांचा गुडघा खाली आला. मांडी पुन्हा घातली गेली. डोळे मिटलेलेच. बोट मांडीवर ठेका धरू लागलं.

चंचलने शेवटची ओळ म्हटली, तार थांबवली, आणि नुसता डबा वाजू दिला. मग पाय उचलला. शांत झालं.

"जवस," लक्ष्मणराव म्हणाले. "वाळलेला जवस हाये. बोंडं लागलेला." त्यांनी डोळे उघडले. "आमच्या बाच्या वेळी धुऱ्यानं, वावराच्या बांधानं, पेरत. फाल्गुनात हवा सुटली की सगळा धुरा असाच वाजे. मी त्यात झोपून राहो. कोनी हाका मारल्या तरी उठत नसो." ते लेकीकडे पाहू लागले. "हे तुले कसं माहीत, व? तू तं जवस पाह्यलाबी नाई."

"मी नाई, बाबा. काकूनं भरला."

सगळ्यांच्या माना गोपिकाकडे वळल्या. ती उठून भुलाबाईपुढे गेली, डोकं टेकवलं आणि तशीच राहिली. फिटलं होतं. मांडी न मोडता, शेवटपर्यंत. वर आली तेव्हा तिचे गाल ओले होते आणि तोंडावर हसू होतं.

"आता सांगू शकते मी," ती म्हणाली. आणि नेहमीच्या हळू आवाजात, इकडे-तिकडे न बघता, तिने धाम नदीतल्या त्या ओंजळीचं सांगून टाकलं. पाचसहा वाक्यांत झालं. एवढ्या वर्षांचं, पण सांगायला एवढंच निघालं.

"अन् मी दुपारी तुले काय काय बोलली व!" जयाने कपाळावर हात मारला.

"नेहमीच बोलता. त्यात काय."

नत्थू म्हणाला, "मले वाटे, बायकोचा गळा संसारानं गेला. लोकायले तसंच सांगत होतो मी." त्याला हसायचं होतं, पण जमलं नाही, त्याने उपरण्याने नाक पुसलं.

चंचल गुडघ्यांवर सरकत काकूपाशी आली. "तू रुसली नव्हती?"

"तुह्यावर? कधीच नाई, व."

"मंग गा आता."

गोपिकाने डोळे मिटले. पहिला सूर आला तो दाराची जुनी बिजागरी वाजावी तसा. दोन पोरी फिदीफिदी हसल्या, जयवंताने त्यांना चापट मारली. गोपिका थांबली नाही. भुलाबाईला निरोप द्यायचं गाणं आजवर दुसऱ्यांच्या तोंडून ऐकत होती ती. ते राहू देऊन तिने आज आपल्याच मनाने शब्द जुळवले.

*भुलाबाई निघाली सासरले,*
*ओटीत घातले दाने,*
*जाता जाता ठेवून जाय व*
*अंगनात या गाने.*

वरच्या सुराला तिचा गळा चिरकला आणि तुटला. पण ओळ खाली पडली नाही. चंचलच्या बसक्या आवाजाने ती खालून उचलून धरली होती. लहानपणी पोरगी वर गायची आणि काकू खाली. आता उलटं झालं होतं. दोन्ही गळे मोडके, पण एकमेकींना पुरे पडत होते. चंचलचा पाय यंत्राकडे गेला आणि तसाच मागे आला. तिने यंत्र दाबलं नाही.

कुठूनतरी खंजेरी वाजू लागली. गोपिकाने डोळे उघडून पाहिलं नाही. कुणाचा हात आहे ते तिला ठाऊक होतं.

चंद्र कडुलिंबाच्या वर आला. दूध वाटलं गेलं, लाडू फळीवरून खाली आले. गोपिकाने उपास सोडला, दुपारच्या त्याच गुळाच्या खड्यावर.

लक्ष्मणराव वाटीतला लाडू खाऊन झाल्यावरही बसूनच होते. फाट्यावर जायचं राहून गेलं होतं. डबा त्यांच्या हातात होता, आणि ते तो हळूहळू आडवा-उभा करत होते.

"थोडा ठेवा यातला," ते म्हणाले. भावजयीशी थेट बोलायची त्यांना सवय नव्हती, म्हणून डब्याकडे बघत म्हणाले. "रब्बीत धुऱ्यानं टाकतो."

"भाजलेला हाये, भाऊजी. उगवनार नाई."

"मंग तळेगावले फोन लावा. तुमच्या भावाले म्हना, कच्चा पाठव." त्यांनी डबा खाली ठेवला आणि लेकीच्या पेट्यांकडे पाहिलं. "अन् हिले सांगा, फाल्गुनात वाजाले लागते. तवा येजो म्हना. ते यंत्र घेऊन."

"मी इथंच बसून हावो, बाबा," चंचल म्हणाली.